बोट ४० फुटांची, इंजिनं कितीही: नियमावली कशी वाचायची?

संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेकदा निकालांपासून सुरुवात करतो. कोण जिंकलं, कधी, किती वेगाने. माझं म्हणणं, त्याआधी पात्रतेचं कलम वाचा. पॉवरबोट शर्यतींचं उदाहरण घेऊ.

१९०३ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांच्या आंतरराष्ट्रीय करंडकाची पहिली शर्यत झाली. बोट ४० फुटांपेक्षा लांब नको आणि बोट, इंजिन दोन्ही आपापल्या देशातच बनलेलं हवं, या त्यातल्या मुख्य अटी. इंजिन केवढं असावं, किती असावीत, यावर बंधन नव्हतं.

आता बघा, नियम जिथे गप्प बसला तिथेच स्पर्धा सरकली. १९२० मध्ये अमेरिकेच्या गार वुडने इंग्लंडला जाऊन करंडक जिंकला. त्याच्या 'मिस अमेरिका'त दोन लिबर्टी इंजिनं होती. पहिल्या महायुद्धात विमानांसाठी तयार झालेलं हे इंजिन १२ सिलिंडरचं, सुमारे २७ लिटरचं. १९३२ ची 'मिस अमेरिका १०' ही ३८ फुटांची होती, म्हणजे अगदी नियमात. पण आत चार पॅकार्ड इंजिनं! ब्रिटिशांनीही रोल्स-रॉइसची विमान-इंजिनं बोटीत बसवली. कागदावर बोटींची शर्यत, प्रत्यक्षात दोन देशांच्या विमान-इंजिन उद्योगांची. १९३३ मध्ये ह्यूबर्ट स्कॉट-पेन एकाच इंजिनाची 'मिस ब्रिटन ३' घेऊन वुडसमोर उतरला आणि हरला. त्यानंतर ही स्पर्धा थेट १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाली.

याच्या शेजारी अमेरिकेतला गोल्ड कप ठेवा. वुडने तो १९१७ ते १९२१ सलग पाच वेळा जिंकला. १९२२ मध्ये नियम बदलला: इंजिन जास्तीत जास्त ६२५ घन इंच, म्हणजे साधारण १०.२ लिटर. एका लिबर्टीच्या निम्म्याहूनही कमी. वुडच्या बोटी आपोआप बाहेर. वेग घसरला, पण साध्या बोटींना वाव मिळाला.

इथे घाई करू नका. 'नियम आला आणि मक्तेदारी संपली' असं लिहायचा मोह होतो. पण १९२२ चा विजेता कोण? जेसी व्हिन्सेंट, पॅकार्ड कंपनीचा अभियंता आणि लिबर्टी इंजिनाच्या दोन मुख्य रचनाकारांपैकी एक. यंत्राला मर्यादा घालता आली. यंत्र बनवणाऱ्याचं ज्ञान, त्याची कार्यशाळा यांना नाही.

म्हणून नियमावली हाती आली की तीन प्रश्न लिहून ठेवा. हा नियम काय मोजतो? काय मोजायचं सोडतो? आणि तो लागू झाल्यावर प्रत्यक्ष कोण आत आलं, कोण बाहेर गेलं? पहिल्या दोघांची उत्तरं नियमावलीतच मिळतील. तिसऱ्यासाठी मात्र प्रवेशयाद्या, निकाल, वर्तमानपत्रं चाळावी लागतील. तुमचा विषय कुस्तीचे वजनगट असो की शिष्यवृत्तीच्या अटी, खरं काम या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं.