बिडी वळणाऱ्या हातांचा इतिहास

‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. आपल्या बॅनरवर असतात. ते बिडी मजुरांचे पुढारी होते, हे मात्र बॅनरवर येत नाही. १९०४ साली जन्मलेल्या या माणसाने मध्य प्रांतातल्या बिडी मजुरांची संघटना बांधली, ठेकेदाराला बाजूला सारून सहकारी तत्त्वावर बिडीचं काम सुरू केलं. १९३७ ला ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आले आणि जानेवारी १९३९ मध्ये क्षयाने गेले. वय अवघं ३५. त्यांचं चरित्र सांगताना त्या मजुरांच्या हातांबद्दलही बोललं पाहिजे.

आधी काम समजून घेऊ. भिजवलेलं तेंदूपान फर्म्याच्या मापाने कात्रीने कापायचं, जर्दा भरायचा, बोटांनी वळायचं, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. एका बिडीला पाच हालचाली धरल्या तर हजार बिड्यांना पाच हजार. मांडीवर सूप, मान खाली, मनगट वाकलेलं. मजुरी हजारावर, तीही सट्टेदाराने छाट बाजूला काढल्यावर. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद वाट आहे. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या आणि एक मज्जातंतू त्याच वाटेने जातात. तीच ती हालचाल करून तिथे सूज आली की मज्जातंतू दबतो. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री जास्त. पुढे पकड जाते. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. वस्तीत एवढंच म्हणतात, ‘हात बधिर झाला’.

हे दुखणं नवं नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या हाताचं दुखणं आहे. एकाचा उजवा हात निकामी झाला, तो डाव्याने लिहायला शिकला, मग डावाही गेला. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारबाबूंच्या हाताला येणारे गोळे नुकसानभरपाईच्या यादीत आले. लक्षात घ्या, लेखनिक आणि तारबाबू. लिहिता येणारे, दप्तरात बसणारे हात. तारबाबूचा हात थांबला तर कारभार अडतो. बिडी वळणारीचा थांबला तर सट्टेदार पानं शेजारच्या घरी टाकतो.

आणि कोणता हात कुठे राबणार, हे आपल्याकडे जात ठरवत होती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणखात्यात घेत नसत, कारण धोट्यात सूत ओढायला तोंड लावावं लागे. जास्त पगाराचं ते खातं बंद, म्हणून आपले लोक रिंग खात्यात, तुटलेले धागे जोडत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला. गंमत बघा: सूत तोंडाला लागतं म्हणून विटाळ, आणि नागपूर-कामठीकडे महारांच्या हातची बिडी थेट ओठांत! तिथे नफ्यापुढे विटाळ गप्प बसला.

बाबासाहेब मजूर मंत्री असतानाच्या प्रयत्नांतून १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. पण तो कायदा कारखान्याच्या दारापर्यंतच. बिडी घराच्या ओट्यावर वळली जात होती. घरी काम करणाऱ्यांना मजूर मानणारा बिडी कामगार कायदा आला १९६६ ला. त्यालाही मालक कोर्टात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९७६ ला बिडीवरच्या उपकरातून कल्याण निधी उभा राहिला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरच संपला.

या सगळ्यात भांडण झालं ते हजाराच्या दरावर. दराचं भांडण खरंच होतं, पण दर हजारावर असतो तेव्हा हाताची झीज मजुराच्याच खाती पडते. हात दुखला, बिड्या कमी झाल्या, तर मजुरी आपोआप कापली जाते. कुणाला दंडही करावा लागत नाही. अपघातात बोट तुटलं तर तारीख असते, साक्षीदार असतो. वीस वर्षांत गेलेल्या पकडीला तारीख नसते.

कामठी, भंडारा, गोंदियाकडे बिडीवर आयुष्य काढलेल्या आज्या अजून आहेत. मुलाखत घ्यायला जाल तेव्हा मजुरी किती मिळायची हे विचाराच. पण पाण्याचा गुंड आता कोणत्या हाताने उचलता, हेही विचारा आणि तारखेसकट लिहून घ्या.