आडनाव कंपनीचं

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाचं दरपत्रक आज वाचताना हसू येतं: चित्रं दिसणाऱ्या इंटरनेटचे २५० तासांचे १५,००० रुपये. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत मिळायचं, पण नुसती अक्षरं. मला मात्र दरापेक्षा पत्ते जास्त रोचक वाटतात. मुंबईतल्या ग्राहकाच्या ईमेलमध्ये नावापुढे 'जीआयएएसबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन' असं लांबलचक शेपूट यायचं. त्यातलं 'बीएम' म्हणजे बॉम्बे. नाव तुमचं, आडनाव कंपनीचं. कंपनी सोडली की आडनाव गेलं आणि छापून घेतलेली व्हिजिटिंग कार्डं रद्दीत.

वेबसाइट कुठे ठेवायची, या प्रश्नाचा तीस वर्षांचा इतिहास मला या आडनावाच्या भानगडीचाच इतिहास वाटतो.

त्या काळात फुकट जागा देणारं सगळ्यात मोठं ठिकाण जिओसिटीज. तिथे विषयवार मोहल्ले असायचे, आणि तुमच्या पानाला मोहल्ल्याचं नाव आणि घरनंबर मिळायचा. १९९९मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली आणि लगेच नव्या अटी लावल्या. लोकांनी लिहिलेल्या मजकुरावर कंपनीला भरमसाट हक्क देणाऱ्या त्या अटी होत्या. ओरडा झाल्यावर याहूने माघार घेतली. पण २६ ऑक्टोबर २००९ला सगळी वसाहतच बंद केली. काही स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट अर्काइव्हने मिळेल तेवढं उतरवून घेतलं म्हणून काही पानं आज दिसतात. उरलेली गेली.

आता याच्याशेजारी मायबोली ठेवून बघा. १९९६च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी सुरू केलेलं हे मराठी संकेतस्थळ. युनिकोड तेव्हा घरोघरी पोचलेलं नव्हतं, मराठी लिहायचं तर रोमन लिपीत किंवा खास फॉन्ट उतरवून. जिओसिटीज याहूने घेतली तेव्हा मायबोली तीन वर्षांची होती, जिओसिटीज बुडाली तेव्हा तेरा. आजही ती त्याच नावाने उघडते. मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललं, लिपी बदलली, पण पत्ता स्वतःचा असल्यामुळे वाचकाला त्याची दखल घ्यावी लागली नाही.

फुकटच्या जागेचा दुसरा धोका आपल्याकडे २००६मध्ये दिसला. ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने इंटरनेट कंपन्यांना मोजकी पानं बंद करायला सांगितली. कंपन्यांनी एकेक पान शोधायचा त्रास न घेता अख्खं ब्लॉगस्पॉट बंद केलं. पाककृती लिहिणारे, कविता लिहिणारे, सगळे एका झटक्यात अंधारात. भारताबाहेर सगळं सुरळीत दिसत होतं. ज्यांचं आडनाव ब्लॉगस्पॉट, त्यांना शेजाऱ्याची शिक्षा मिळाली.

हे सगळं मी वाचायला लागलो त्याला कारण आमचे मामा. नागपूरजवळच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर वऱ्हाडी-नागपुरी शब्द गोळा करत बसले. सहा वह्या, साधारण चार हजार शब्द. सांबार म्हणजे कोथिंबीर, भैताड म्हणजे वेडपट, आणि प्रत्येकापुढे कुणाच्या तोंडून कुठल्या गावात ऐकला त्याची नोंद. यातले पुष्कळ म्हातारे आता नाहीत. "वह्याईले वाळवी लागन, हे काम्प्युटरात टाक," मामा म्हणाले. टायपिंगला आम्हाला दीड वर्ष लागलं. मग प्रश्न आला, हे ठेवायचं कुठे?

होस्टिंग निवडायला बसलं की पहिल्यांदा भेटतात 'सर्वोत्तम दहा कंपन्या' छापाचे लेख. यातले बरेच लेखक लिंकवरून झालेल्या विक्रीवर कमिशन घेतात. पण त्याहून मोठी गंमत वेगळीच. ऑगस्ट २०१३मध्ये अमेरिकेत युटामधल्या एका डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर, जस्टहोस्ट हे चारही एकाच वेळी आडवे झाले. चारही एन्ड्युरन्स नावाच्या एकाच कंपनीचे. तुलनेच्या तक्त्यात समोरासमोर उभे असलेले पैलवान एकाच आखाड्यातले निघाले! मुंबईच्या तुरखिया बंधूंनी १९९८मध्ये सुरू केलेल्या डायरेक्टी समूहाचा होस्टिंगचा व्यवसायही, बिगरॉकसकट, पुढे याच एन्ड्युरन्सकडे गेला.

'अनलिमिटेड जागा' हे दुसरं गाजर. युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला बहुधा तीन बाइट लागतात. 'मराठी' शब्दात पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. एका शब्दाची नोंद तीनशे चिन्हांची धरली तरी मामांचा अख्खा संग्रह चार एमबीच्या आत बसतो. व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातच्या एका व्हिडिओएवढा.

वेगाचा हिशेब थोडा खरा आहे. झिरो माईल नागपुरात असला तरी समुद्रातल्या केबली मुंबईला लागतात. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. नागपूर-मुंबई तारेने आठशे किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन आठ मिलिसेकंद. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला तेच किमान एकशे तीस, आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. वाचक विदर्भातल्या खेड्यात, एका कांडीच्या नेटवर्कवर असेल तर सर्व्हर मुंबईत असलेला बरा. ॲमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत डेटा सेंटर्स सुरू केल्यापासून देशातच जागा घेणं सोपं झालं आहे.

पण मला घाबरवलं ते नेटफोर इंडियाच्या प्रकरणाने. जुनी भारतीय कंपनी, हजारो लोकांची डोमेन तिच्याकडे. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि २०२०मध्ये ग्राहकांना डोमेन रिन्यू करता येईना, दुसरीकडे नेता येईना, फोन कुणी उचलेना. आंतरराष्ट्रीय नियामक आयकॅनने २०२१मध्ये तिची मान्यता काढून घेतली आणि डोमेन दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. म्हणजे आडनाव स्वतःचं घेतलं तरी त्याची नोंदवही कुणाच्या कपाटात आहे, हेही बघायला हवं. नाव आणि जागा एकाच कंपनीकडून घेतली तर ती बुडताना दोन्ही घेऊन बुडते.

स्थलांतरात मराठीची एक खास फजिती होते. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ मांडणी २०१८पर्यंत पश्चिम युरोपच्या लिपीला धरून होती. जुन्या होस्टवरून नव्यावर नेताना ही एक सेटिंग चुकली की सगळं देवनागरी प्रश्नचिन्हांत बदलतं, आणि त्या प्रश्नचिन्हांतून मूळ मजकूर परत मिळत नाही. इंग्रजी साइटवाल्याला हे कळतसुद्धा नाही. मी प्रत्येक कंपनीच्या मदत-चॅटवर एकच विचारत होतो: माझा संपूर्ण डेटा मला स्वतःला, तुम्हाला न विचारता, उतरवून घेता येईल का? एका ठिकाणी उत्तराऐवजी सवलतीचं कूपन आलं.

मामांना 'डॉट भारत'चा देवनागरी पत्ता हवा होता, २०१४पासून तो मिळतो. पण कित्येक फॉर्म अजून तो स्वीकारत नाहीत, म्हणून 'डॉट इन'ही घेतला. दोन्ही एका कंपनीकडून, नोंद मामांच्या नावावर. जागा दुसऱ्या कंपनीची, मुंबईतली. डेटाबेस ठेवलाच नाही: साध्या मजकुराच्या फाइली, त्यांतून तयार होणारी साधी पानं. दर रविवारी एक प्रत माझ्या लॅपटॉपवर येते, एक मामेबहिणीकडे पुण्याला.

"अन् ते कंपनीच बुडाली त मंग?" मामांनी विचारलं. मी त्यांच्यासमोर रविवारची प्रत एका तिसऱ्या, भलत्याच कंपनीच्या सर्व्हरवर चढवली आणि डोमेन तिकडे वळवलं. वीसेक मिनिटांनी त्यांच्या फोनवर तीच पानं उघडली. त्यांनी 'भैताड' शोधून बघितला, गावाचं नाव बरोबर आहे का तपासलं.

"बरं हाय," म्हणाले. "पण एक कागदावरबी छापून ठेव."

छापलं. चारशे बारा पानं झाली.