घोटा आणि न दिसणारी कूर्चा

पाय मुरगळणे हे दुखणे आपल्याकडे कोणी दुखण्यांत धरीतच नाही. लेप लावावा, पट्टी बांधावी, आठ दिवसांनी कामाला लागावे, अशी रीत. बहुतेकांना तेवढ्याने आराम पडतोही. परंतु काहींचा घोटा महिनोन्‌महिने ठणकतो. क्ष-किरणांच्या फोटोत काही दिसत नाही आणि दुखणे मनाचे ठरते. अशांची बाजू इतिहासाने कशी घेतली, ते आपण पाहू.

घोट्याच्या सांध्यात कूर्चेचे सुटे तुकडे सापडतात, हे एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्‌रोने १७३८ सालीच नोंदविले होते. पुढे १८८७च्या सुमारास जर्मन शल्यवैद्य क्यॉनिग याने सांध्यांतील अशा विकाराला नाव दिले, त्यात ‘दाह’ हा अर्थ होता. दाह कोणी सिद्ध केला नाही. नाव मात्र रूढ झाले, आणि १९२२ साली काप्पिसने तोच विकार घोट्यात वर्णिला.

मध्यंतरी १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले होते. हाड दिसू लागले. पण कूर्चेचा मोठा भाग पाणीच, तिच्यातून किरण सरळ पार जात. फोटोत ती म्हणजे नुसती पोकळी! १९५९ साली बर्न्ट व हार्टी यांनी शवांचे घोटे मुरगळून दाखविले, की घोट्याचे हाड शेजारच्या हाडांवर आदळून त्याचा कूर्चेसह तुकडा निघू शकतो. हाड नुसते दबणे, तुकडा अर्धवट सुटणे, पुरता सुटूनही जागीच राहणे आणि जागा सोडणे, अशा चार पायऱ्या त्यांनी लावल्या. मूळ दाहात नव्हे, आघातात होते. तरी पहिली पायरी फोटोत बहुधा निसटेच.

१९७१ साली हाउन्सफील्डच्या यंत्राने शरीराचे आडवे छेद दाखविण्यास आरंभ झाला. हाडाची बारीक चीर त्याने उकलली. १९७३ साली लाउटरबरने चुंबकीय अनुनादाने चित्र काढले. ही रीत पाण्यातील हायड्रोजनचाच वेध घेते. ज्या पाण्यामुळे कूर्चा क्ष-किरणांना अदृश्य होती, त्याच पाण्याने ती येथे प्रकट झाली. हाडाच्या आतली सूजही दिसू लागली. कूर्चेला मज्जातंतू नाहीत. कळ येते ती बहुधा खालच्या हाडातून.

तरीही घोट्याची कूर्चा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची. बारीक जखम आजही चित्रातून निसटते. म्हणून आम्हांस वाटते, फोटो निर्दोष आला म्हणजे रोगी खोटा, असे म्हणण्यापूर्वी वैद्याने थांबावे. आजवर यंत्रे बदलली. दुखते कोठे, हे सांगणारा रोगी मात्र बहुधा खरेच बोलत होता.