मुंबईत उतरायचं कुठे?

आजचा प्रश्न साधा आहे. दोन दिवस मुंबई बघायची आहे, तर राहायचं कुठे? बुकिंग ॲप आपल्याला बजेट विचारतं, एसी हवा का विचारतं आणि 'शहराच्या मध्यापासून इतके किलोमीटर' असंही सांगतं. पण मुंबईचा मध्य नेमका कुठला? त्यासाठी थोडं मागे जाऊया.

फोर्ट हे नुसतं नाव नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तिथे खरोखरच तटबंदी होती. तिला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे दरवाजे होते. चर्चगेट स्टेशनच्या नावातलं चर्च म्हणजे १७१८ साली सुरू झालेलं सेंट थॉमस. ते स्टेशनजवळ नाही, आत फोर्टमध्ये आहे. तटाबाहेरची जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवली होती. आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल ही मैदानं म्हणजे त्याच मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे.

१८०३ मध्ये फोर्टात मोठी आग लागली. त्यानंतर अनेक भारतीय कुटुंबं तटाबाहेर सरकली आणि काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या बाजूची वस्ती दाट होत गेली. पुढे १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हायकोर्ट, विद्यापीठ अशा भव्य इमारती आल्या. थोडक्यात, फोर्ट झालं कामाचं शहर आणि गिरगाव झालं राहण्याचं.

हा फरक आजही जाणवतो. फोर्टात रविवारी ऑफिसं बंद असतात. रस्ते मोकळे, इमारती बघायला एकदम मस्त! पण खाण्याची बरीच ठिकाणंही बंद असतात. गिरगावात मात्र माणसं राहतात, त्यामुळे सकाळी चहा आणि रात्री जेवण शोधत फिरावं लागत नाही.

आता दादर. १८९६ मध्ये प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांवर उपाय म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याला रुंद रस्ते, आखीव प्लॉट आणि बागा आल्या. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी ही त्याच योजनेतली. आज दादरला मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वे मिळतात. मग तिथेच राहावं का?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. ऑफिसांचा मोठा गठ्ठा अजूनही दक्षिणेला आहे, म्हणून सकाळची गर्दी दक्षिणेकडे धावते. तुम्ही दादरला राहून गेटवे बघायला निघालात तर त्याच लोंढ्यात सापडता. गिरगावात राहून सकाळी सिद्धिविनायकाला निघालात तर गर्दीच्या उलट दिशेने जाता. सोबत आई-बाबा असतील तर हा फरक फार मोठा आहे!

माझं मत असं: दोन दिवस असतील तर गिरगाव ते फोर्ट या पट्ट्यात उतरा. गेटवे, सीएसएमटी, चौपाटी सगळं जवळ पडतं. खोताची वाडी पायी बघा. ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तीही याच गिरगावात. एलिफंटाची बोट गेटवेवरून सुटते, फक्त लेणी सोमवारी बंद असतात. पहाटे गाडी पकडायची असेल किंवा नातेवाईक उपनगरात असतील, तर दादर सोयीचं.

आणि जाता जाता एक गोष्ट. क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह नावाची इमारत आहे. लोकमान्य टिळक पुण्याहून मुंबईत आले की तिथे उतरायचे. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधनही तिथेच झालं. म्हणजे 'मुंबईत उतरायचं कुठे' हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होताच, आणि उत्तर याच पट्ट्यात सापडत होतं.

तेव्हा पुढच्या वेळी हॉटेलचे फोटो बघण्याआधी नकाशा उघडा आणि विचारा, ही वस्ती कोणासाठी वसली होती? भेटूया पुढच्या भागात!