विजेची मोटार आणि घरातली वीज : अमेरिका, १९००–१९३९

समाजमाध्यमांवर एक कृष्णधवल छायाचित्र अधूनमधून फिरत असते. साल १९१२, देश अमेरिका. एक स्त्री चार्जिंगच्या फलकापाशी उभी आहे आणि शेजारी तिची कोलंबिया बनावटीची विजेची मोटार. खाली ठरलेला प्रश्न असतो : शंभर वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाड्या होत्या, तर मग त्या गेल्या कुठे? उत्तर बहुधा गाडीत शोधले जाते. ते त्या फलकात, आणि असा फलक ज्या घरात बसवता येत असे त्या घरात शोधायला हवे. हा थ्रेड त्याविषयी.

प्रथम आकडे. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या. म्हणजे त्या वर्षी मोटार घेऊ पाहणाऱ्या श्रीमंत गृहस्थापुढे खरोखरच तीन पर्याय होते आणि पेट्रोल हा त्यांतला सर्वांत मागे पडलेला. वाफेच्या गाडीला पाणी तापेपर्यंत थांबावे लागे. पेट्रोलच्या गाडीला पुढून हँडल मारावे लागे, आणि ते उलटले तर मनगट मोडे. विजेच्या गाडीत बसायचे, कळ पुढे सरकवायची आणि निघायचे. ना धूर, ना वास, ना गिअर बदलण्याची कटकट.

क्लीव्हलंडची बेकर, डेट्रॉइटची डेट्रॉइट इलेक्ट्रिक या त्या काळातल्या नावाजलेल्या गाड्या. डेट्रॉइट इलेक्ट्रिकची बंद काचेची केबिन एखाद्या छोट्या दिवाणखान्यासारखी असे आणि सुकाणूसारख्या दांड्याने ती वळवली जाई. वेग ताशी वीस मैलांच्या, म्हणजे बत्तीस किलोमीटरच्या आसपास. एका चार्जिंगमध्ये ८० मैल, असा जाहिरातीतला दावा होता. एका चाचणीत ती २११ मैल गेल्याचेही कंपनी अभिमानाने सांगे. शहरातल्या डॉक्टरला आणि सधन घरातल्या स्त्रीला एवढे पुरेसे होते. तेव्हाच्या शहराबाहेरच्या रस्त्यांची अवस्था पाहता त्याहून लांब जाण्याची हौसही फार थोड्यांना होती.

अडचण गाडी घरी आल्यावर सुरू होई.

बॅटरीला एकदिश, म्हणजे डीसी, प्रवाह लागतो. अमेरिकी शहरांत मात्र एसी वीज झपाट्याने पसरत चालली होती. त्यामुळे घरात एसीचा जोड असेल, तर नुसती वायर लावून गाडी चार्ज होत नसे. मध्ये प्रवाह बदलणारे यंत्र बसवावे लागे. पीटर कूपर ह्यूइट याने १९०२ मध्ये शोधलेला पाऱ्याचा रेक्टिफायर इथे कामी आला. काचेच्या मोठ्या फुग्यात पारा, आणि प्रवाह सुरू झाला की त्यातून निळसर-जांभळा उजेड. जनरल इलेक्ट्रिक कंपनी घरगुती गॅरेजसाठी असे फलक विकू लागली. अर्थात त्याचे पैसे वेगळे, आणि तो बसवायला स्वतःचे गॅरेज हवे ते वेगळेच. शिवाय बॅटरीत पाणी घालणे, आम्लाची घनता तपासणे, झिजलेल्या शिशाच्या प्लेटा बदलणे हे मागे लागलेलेच. पुष्कळ मालक हा व्याप टाळण्यासाठी गाडी शहरातल्या इलेक्ट्रिक गॅरेजातच ठेवत आणि हवी तेव्हा मागवून घेत.

आता विजेचे बिल. १९०२ मध्ये अमेरिकेत घरगुती विजेचा सरासरी दर युनिटला सुमारे १६ सेंट होता. एका पूर्ण चार्जिंगला १५ युनिटे लागली असे धरले, तर त्या दराने खर्च होतो २ डॉलर ४० सेंट. तुलनेसाठी : १९१४ मध्ये पाच डॉलरचा प्रसिद्ध रोज जाहीर होण्याआधी फोर्डच्या कारखान्यात कामगाराला दिवसाला मिळत असत २ डॉलर ३४ सेंट. एका चार्जिंगपायी एका माणसाची दिवसभराची कमाई! १९१७ पर्यंत हा दर साडेसात सेंटांवर उतरला, म्हणजे तेच चार्जिंग निम्म्याहून कमी पैशांत होऊ लागले. वीज स्वस्त होत होती, यात शंका नाही. पण ती होती कोणाच्या घरात? १९०७ मध्ये अमेरिकेतल्या शंभरांपैकी आठ घरांत. १९२० मध्येही जेमतेम पस्तीस घरांत.

वीज कंपन्यांना विजेची मोटार म्हणजे पर्वणी वाटायला हवी होती. संध्याकाळी दिवे लागत तेव्हा त्यांची जनित्रे पुरी पडत नसत, आणि मध्यरात्रीनंतर तीच जनित्रे रिकामी बसत. रात्री चार्ज होणारी मोटार ही पोकळी नेमकी भरून काढणारी होती. शिकागोचा सॅम्युएल इन्सल १८९४ मध्ये इंग्लंडातल्या ब्रायटनला गेला, तेव्हा तिथे त्याला आर्थर राइटचा मीटर दिसला. ग्राहकाने किती वीज वापरली याबरोबरच एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली, हेही तो मीटर दाखवी. विजेची किंमत वेळेवर अवलंबून असते, ही समज त्यातून व्यवहारात उतरली. आज रात्रीच्या स्वस्त दरात गाडी चार्ज करणाऱ्यांच्या बिलामागे हाच विचार आहे.

हार्टफर्डच्या वीज कंपनीने तर १९१० च्या सुमारास आणखी पुढचे पाऊल टाकले. मालवाहू गाडी बॅटरीविना विकत घ्यायची, बॅटरी कंपनीची. संपली की भरलेली बसवून मिळे. ग्राहक महिन्याचे ठरावीक शुल्क आणि मैलामागे आकार देई. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तिच्यावर साठ लाखांहून अधिक मैलांची वाहतूक झाली. घरी चार्जिंगची सोय नसलेल्यांसाठी यापेक्षा समंजस व्यवस्था त्या काळात दुसरी दिसत नाही. पण ती देशभर पसरली नाही.

दरम्यान हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला बाजारात आली आणि १९१४ च्या सुमारास पाचशेपर्यंत उतरली. त्याच काळात डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी हवी असेल, तर नुसत्या बॅटरीचे जादा ६०० डॉलर मोजावे लागत. मॉडेल टीचा मोठा ग्राहक शेतकरी होता. त्याच्या घरी वीज नव्हती, पण गावच्या दुकानात डब्याने पेट्रोल मिळे. गाडीची निवड त्याच्यापुरती तिथेच झालेली होती.

खुद्द फोर्डच्या घरी मात्र वेगळे चित्र. त्याची पत्नी क्लारा १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवी. पतीने लाखोंनी बनवलेली गाडी तिला गैरसोयीची वाटली, असे कोणी म्हणेल. पण खरी गोष्ट फेअर लेन या त्यांच्या नव्या निवासस्थानात आहे. तिथे नदीच्या पाण्यावर चालणारे खासगी वीजगृह होते आणि त्याची कोनशिला एडिसनने बसवली होती. असे घर असेल, तर चार्जिंगच्या खर्चाची चिंता कशाला?

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला, हँडल गेले आणि विजेची गाडी संपली, ही कथा सर्वांना पाठ आहे. ती खोटी नाही, अपुरी आहे. स्टार्टरने पेट्रोलच्या गाडीचा एक दोष काढला. विजेच्या गाडीला लागणारे घर त्याने कोणाचे काढून घेतले नव्हते. ते बहुसंख्यांकडे मुळातच नव्हते.

ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा अमेरिकेत १९३६ मध्ये झाला. तोवर दहांपैकी नऊ शेतघरे अंधारात होती. तारा शेतांपर्यंत पोहोचू लागल्या, तेव्हा डेट्रॉइट इलेक्ट्रिक जुन्या ग्राहकांच्या तुरळक मागणीवर कशीबशी तग धरून होती. तिची शेवटची गाडी १९३९ मध्ये गेली.