शेवगा : शब्द, शेंग आणि परसबाग

उल्हास नदीच्या खोऱ्यातील कात्रप हे मूळचे खेडे आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. १८५६ साली कल्याण-खोपोली लोहमार्ग सुरू झाला. पुढे, विशेषतः गेल्या काही दशकांत, या पट्ट्यातील भातखाचरांची जागा वस्तीने घेतली. उरलेल्या लहान वाड्या नैसर्गिक रीतीने सकस कशा कराव्यात, या चर्चेत अलीकडे ‘मोरिंगा’ हे नाव नव्या शोधाच्या थाटात घेतले जाते. हे झाड आपणांस नवे आहे काय आणि त्याचा उपयोग नेमका कशात आहे, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

परसातील झाडाचा इतिहास दप्तरांपेक्षा शब्दांत अधिक शाबूत राहतो. संस्कृत शिग्रु, प्राकृत सिग्गु, मराठी शेगट, शेगवा, शेवगा ही परंपरा अखंड आहे. शेगवा-शेवगा यांत वर्णविपर्यय स्पष्ट दिसतो. चरकसंहितेत स्वेदोपग द्रव्यांत याचाच शोभाञ्जनक या नावाने निर्देश आहे. दक्षिण कोकणात गोकुळाष्टमीस याच्या पाल्याची भाजी करण्याची रूढी आहे. उलट ‘मोरिंगा’ हे तमिळ ‘मुरुंगै’चे लॅटिन वेष घेतलेले रूप होय. तात्पर्य, परके आहे ते नाव. झाड घरचेच आहे.

परंतु शब्द जसा साक्ष देतो, तसा चकवितोही. मराठीत वाल, तूर आणि शेवगा या तिघांच्याही फळास आपण ‘शेंग’च म्हणतो. त्यावरून शेवगाही द्विदल पिकांप्रमाणे मुळांवाटे जमिनीत नत्र साठवीत असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. खुद्द लिनियसने १७५३ साली या झाडास शिंबावंत वनस्पतींच्या ‘गिलान्डिना’ या प्रजातीत घातले होते. लामार्कने १७८५ साली त्यास ‘मोरिंगा ओलिफेरा’ हे आजचे नाव दिले. वस्तुतः त्याचे कुळ निराळे असून मोहरी-मुळ्याशी त्याचे दूरचे नाते आहे. नत्र स्थिर करणाऱ्या गाठी त्याच्या मुळांवर नसतात.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही. वाडीचे नियोजन त्यावर अवलंबून आहे. शेवग्याचा लाभ मुळांत नसून पाल्यात आहे. छाटणीनंतर तो जोमाने फुटतो. कोवळा पाला लवकर कुजतो व भाज्यांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून उपयोगी पडतो. त्याची सावली विरळ असल्याने खालच्या पिकास ऊन मिळते. फांदी लावूनही झाड होते, म्हणून रोपाचा खर्च नाही. मात्र पाणी साचल्यास मुळे कुजतात. यास्तव कोकणातील पावसात त्याची जागा खाचरात नव्हे, बांधावर किंवा उंचवट्यावर. लाकूड ठिसूळ असल्यामुळे झाड छाटून बुटके ठेवणे इष्ट.

नत्रासाठी या भागात भातानंतर घेतला जाणारा वालच शेजारी हवा. शेवग्याने पाला द्यावा, वालाने नत्र. केवळ ‘शेंग’ या शब्दावर विसंबून वालाची जागाही शेवग्यास दिली, तर वाडीस नत्राची वाण पडेल.