यंत्राने सांगितलेला जुना भाव : साधन, त्याची कार्यपद्धती आणि त्यातील चकवे

एखाद्या समभागाचा पाच वर्षांपूर्वीचा भाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादी प्रणालीला विचारला, तर ती बहुधा न अडखळता आकडा सांगते. तो आकडा कोणत्याही नोंदवहीतून आलेला नसतो. प्रशिक्षणाच्या वेळी वाचलेल्या मजकुरातून प्रणालीने तो जुळवलेला असतो. त्यामुळे तो विश्वसनीय वाटतो, परंतु अचूक असतोच असे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘एजंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे स्वतः पावले ठरवून काम तडीस नेणाऱ्या प्रणालींच्या हाती आता भाव आणून देणारी साधने दिली जात आहेत.

या जोडणीची सर्वाधिक प्रचलित पद्धत म्हणजे ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. विदा पुरवणारा सर्व्हर आपल्याकडे कोणती साधने आहेत आणि त्यांना कोणती माहिती द्यावी लागते, हे ठरावीक स्वरूपात जाहीर करतो. एजंट प्रश्न वाचतो, समभागाचे नाव, आरंभ व अखेरची तारीख आणि कालांतर भरून विनंती पाठवतो. उत्तरादाखल प्रत्येक दिवसाचा उघडता भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि व्यवहार झालेल्या समभागांची संख्या असा तक्ता परत येतो. भारतात झेरोधा या दलाली संस्थेने २०२५ मध्ये आपल्या ‘काइट’ मंचासाठी अशी सोय उपलब्ध केली. ग्राहक स्वतःच्या खात्याने प्रवेश करतो आणि त्यानंतर एजंटला त्याची गुंतवणूक व बाजारभाव वाचता येतात. संस्थेच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या या सोयीत खरेदी-विक्रीचे आदेश देण्याची मुभा मात्र ठेवलेली नव्हती, आणि हा संयम योग्यच म्हटला पाहिजे.

येथवर सर्व सुरळीत आहे. अडचण सुरू होते ती तक्ता हाती आल्यानंतर, कारण ‘जुना भाव’ ही एकच एक गोष्ट नसते.

रिलायन्स इंडस्ट्रीजचे उदाहरण घ्यावे. २५ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार रोजी हा समभाग सुमारे २,६५५ रुपयांवर बंद झाला. सोमवारी, २८ ऑक्टोबरला तो १,३३५ रुपयांच्या आसपास होता. गुंतवणूकदाराचे काहीही बुडाले नव्हते. कंपनीने एकास एक बक्षीस समभाग दिल्याने समभागांची संख्या दुप्पट आणि भाव निम्मा झाला. परंतु केवळ मूळ नोंदी पुरवणाऱ्या साधनाकडून तक्ता घेतलेला एजंट ‘दोन दिवसांत पन्नास टक्के घसरण’ असा निष्कर्ष अस्खलित मराठीत लिहून देऊ शकतो. हा दोष टाळण्यासाठी बहुतेक पुरवठादार मागील भाव बक्षीस व विभाजनाच्या प्रमाणात कमी करून देतात. काही जण लाभांशही वजा करतात, काही करत नाहीत. म्हणून एकाच समभागाचा एकाच दिवसाचा भाव दोन साधनांकडून वेगळा येतो आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर असतात. समायोजित भाव हा परताव्याच्या गणितासाठी योग्य. त्या दिवशी प्रत्यक्षात किती रुपये मोजले, या प्रश्नाला तो चुकीचे उत्तर आहे. साधनाने प्रत्येक तक्त्यासोबत समायोजनाचा प्रकार नमूद करणे, ही किमान अपेक्षा होय.

याच्या उलट, खरी नोंद चुकीची समजून गाळली जाण्याचाही धोका असतो. २० एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या बाजारात अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर स्थिरावला. भारतात टाळेबंदीमुळे एमसीएक्सवरील व्यवहार त्या दिवशी सायंकाळी पाच वाजताच थांबले होते आणि तेव्हाचा भाव शून्याच्या वरच होता. सौदापूर्ती मात्र अखेरीस उणे २,८८४ रुपये प्रतिबॅरल या दराने ठरली. ‘भाव ऋण असू शकत नाही’ असे गृहीत धरून विदा शुद्ध करणारी प्रणाली नेमकी हीच नोंद फेकून देईल. रविवार म्हणजे सुट्टी, असे मानणारी प्रणाली १२ नोव्हेंबर २०२३ चे दिवाळीतील मुहूर्ताचे व्यवहारही गमावेल.

आणखी एक दोष सहज लक्षात येत नाही. आजच्या निर्देशांकातील कंपन्यांची यादी घेऊन ‘वीस वर्षांपूर्वी यांत पैसे गुंतवले असते तर’ असे गणित एजंटला सांगितले, की उत्तर नेहमीच गोड येते. जानेवारी २००९ मध्ये हिशेबातील घोटाळा उघड झाल्यावर सत्यम कॉम्प्युटर निर्देशांकांबाहेर गेली आणि २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली. आजच्या यादीत तिचे नाव नाही, म्हणून तिच्यात बुडालेला पैसाही या गणितात येत नाही. त्या त्या तारखेची यादी पुरवणारे साधनच येथे उपयोगी पडते.

कायद्याची बाजूही आहे. भांडवली बाजार नियामक सेबीने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात, केवळ गुंतवणूक शिक्षणाचे काम करणाऱ्यांनी मागील तीन महिन्यांतील भाव वापरून समभागांविषयी बोलू नये, अशी अट घातली. शिकवणीसाठी एजंट वापरणाऱ्याने विनंतीतील अखेरची तारीख तपासलेली बरी.

शेतमालाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’ या व्यवस्थेत बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर प्रतिक्विंटल नोंदले जातात. यांतील सर्वसाधारण दर म्हणजे सरासरी नव्हे. ज्या दराने अधिकाधिक माल विकला गेला, तो दर. किमान आणि कमाल यांचा मध्य काढून एजंटने ‘सरासरी’ सांगितली, तर ती कोणत्याच शेतकऱ्याच्या पट्टीवर सापडणार नाही. लासलगावच्या कांद्याचा वर्षभराचा आलेख मागितल्यास त्यात साठवणीचा उन्हाळी कांदा आणि खरिपाचा लाल कांदा एकाच रेषेत येऊ शकतात. हे दोन वेगळे माल आहेत आणि त्यांचा टिकाऊपणाही वेगळा. म्हणून विनंती पाठवतानाच बाजार समिती आणि तारखांबरोबर वाणही नोंदवावे लागते.